येऊ घातलेले यंत्र

सोलापुराहून अक्कलकोटच्या रस्त्याला लागले की दहाबारा किलोमीटरांवर कुंभारी येते. नावावरून एखाद्याला वाटावे की इथे घरोघर चाक फिरत असेल. पण आज महाराष्ट्राला कुंभारी ठाऊक आहे ती विडी वळणाऱ्या बायांच्या घरांमुळे. गोदूताई परुळेकरांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत इथल्या माळावर २००६ साली उभी राहिली, आणि रे नगर या तीस हजार घरांच्या योजनेतली पहिली पंधरा हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये लोकांच्या हाती आली. माझी एक जुनी विद्यार्थिनी या वसाहतीत राहते. तिच्या ओट्यावर चहा घेताना २०२५ च्या श्रावणात जो वाद झाला, त्यातून हा लेख निघाला आहे.

वाद लॅपटॉपवरून होता. तिच्या मुलीला सोलापुरात पदविकेच्या वर्गात प्रवेश मिळाला होता आणि कॉलेजात स्वतःचा संगणक असेल तर बरे, असे सांगण्यात आले होते. हजार-हजार विड्यांच्या मजुरीतून उरवलेले पैसे आणि भिशीची एक रक्कम घरात तयार होती. तेव्हा प्रश्न घ्यायचा की नाही असा नव्हता. आत्ता घ्यायचा की थांबून, असा होता. शेजारचा एक पोरगा म्हणाला, "थांबा की ओ मावशी, नवरात्रात टॅक्स कमी व्हायलाय." पंधरा ऑगस्टच्या भाषणात कर कमी होण्याची घोषणा झाली होती, त्याचा तो हवाला देत होता. दुसऱ्याला वाटत होते की दिवाळीला नव्या चिपचे लॅपटॉप आले की आजचे अर्ध्या किमतीला मिळतील. तिसऱ्याची माहिती याहून सरस. मुंबईची एक मोठी कंपनी म्हणे अनामत ठेवून घेऊन लॅपटॉप जवळजवळ फुकट देणार होती. "कुठे वाचलेस?" असे विचारले तर प्रत्येकाने आपापला मोबाईल पुढे केला.

माझी विद्यार्थिनी सूप मांडीवरून खाली ठेवीत म्हणाली, "सर, तुम्हीच सांगा. थांबावं का?"

तिच्या बोलण्यात थट्टा होती की साधा प्रश्न होता, हे मला त्या क्षणी उमगले नाही. मी "उद्या सांगतो" म्हणून उठलो. तो प्रश्न मला का बोचला हे पुढे येईलच. पण घरी येताना मनात आले की येऊ घातलेल्या यंत्रालासुद्धा एक इतिहास आहे, आणि संगणकाच्या बाबतीत तर तो चालत्या यंत्राच्या इतिहासाहून जुना आहे. कारण जगातला पहिला संगणक कित्येक वर्षे नुसताच येणार होता, आणि शेवटी आलाच नाही.

ती कथा सोलापूरकराने सांगायला हरकत नाही. तिचा धागा आमच्या चादरीतून जातो.

माझे वडील जॅकार्डची कार्डे पंच करीत. सोलापुरी चादर ज्याने अंगावर घेतली आहे, त्याने तिच्यावरची वेलबुट्टी पाहिली असेल. ती छापलेली नसते, विणलेली असते. मागाच्या डोक्यावर जॅकार्डचा सांगाडा असतो आणि त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ फिरत राहते. प्रत्येक कार्डाला भोके. आडवा धागा एकदा गेला की पुढचे कार्ड येते. जिथे भोक असेल तिथे सुई आत शिरते, तिचा आकडा जागच्या जागी राहतो आणि उभा धागा वर उचलला जातो. जिथे भोक नसेल तिथे पुठ्ठा सुईला मागे ढकलतो, आकडा सुटतो आणि धागा खालीच राहतो. भोक आहे किंवा नाही, धागा वर किंवा खाली. या दोनच गोष्टींतून फुले, पाने, चौकडी सगळे काही निघते. वडील आखीव कागदावरचे चित्र चौकोन मोजून कार्डावर उतरवीत. एक भोक चुकले तर प्रत्येक चादरीवर त्याच जागी तीच चूक उमटे, आणि विणकर ती मोजून दाखवी. आमच्या घरी रद्द झालेल्या कार्डांचा ढीग असे. आम्ही भावंडे ती डोळ्यांना लावून सूर्य पाहत असू.

ही युक्ती ल्यों शहरातल्या जोसेफ मारी जाकार याची, १८०४ च्या सुमाराची. तिची ख्याती लंडनच्या चार्ल्स बॅबेजपर्यंत पोहोचली. जाकारचे रेशमात विणलेले चित्र बॅबेजने मिळवले होते. ते चित्र विणायला सुमारे चोवीस हजार कार्डे लागली होती. पाहुण्यांना तो ते चित्र दाखवी. पुष्कळांना ते कोरीव चित्राचा छापच वाटे. जे यंत्र कार्डे वाचून कापड विणू शकते, ते कार्डे वाचून गणित का करू शकणार नाही, हा विचार बॅबेजचा. संगणकाची कल्पना म्हणतात ती हीच.

पण इथेच आपल्या विषयाला सुरुवात होते. बॅबेजच्या हातात आधीच एक यंत्र होते. गणिती कोष्टके बिनचूक तयार करणारे हे यंत्र करून देण्याचे त्याने पत्करले होते आणि १८२३ पासून इंग्लंडचे सरकार त्याला पैसे देत होते. दहा वर्षे झाली, कारागिराशी भांडण झाले, काम थांबले. आणि १८३४ मध्ये बॅबेजला याहून कितीतरी थोर यंत्र सुचले. त्याने सरकारला मोठ्या प्रामाणिकपणाने कळवले की नवे यंत्र जुन्याची सगळी कामे करील आणि शिवाय पुष्कळ अधिक करील. तेव्हा आता जुने पुरे करायचे की नवे हाती घ्यायचे? सरकार बरीच वर्षे गप्प राहिले. सुमारे सतरा हजार पौंड खर्च झाल्यावर १८४२ मध्ये त्याने दोन्ही सोडून दिली. उद्याच्या यंत्राने आजच्या यंत्राचा गळा घोटल्याचे हे संगणकाच्या इतिहासातले पहिले उदाहरण. ते एखाद्या व्यापाऱ्याच्या लबाडीतून घडलेले नाही. एका ऋषितुल्य माणसाच्या उतावीळपणातून घडले.

स्टॉकहोमच्या शॉइट्झ बापलेकांची गंमत याच्या उलट आहे. बॅबेजच्या अपुऱ्या यंत्रावरचा एक लेख बापाने १८३४ मध्ये वाचला. लेख वाचून त्यांनी आपल्या कुवतीप्रमाणे तसलेच एक लहान यंत्र जुळवायला घेतले आणि १८५३ पर्यंत ते पुरे केले. बॅबेजच्या यंत्राची सफाई त्यात नव्हती. पण ते चालले, आणि अमेरिकेतल्या एका वेधशाळेने ते विकतही घेतले. बॅबेजचा आराखडा बरोबर होता की नाही याचा निकाल लागायला मात्र १९९१ साल उजाडावे लागले. त्या वर्षी लंडनच्या विज्ञान संग्रहालयाने त्याच्या कागदांवरून एक यंत्र घडवले आणि ते चालले. नेमक्या त्याच वर्षी आपल्या पुण्यात सी-डॅक या संस्थेने, अकोला जिल्ह्यातल्या विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली, 'परम' हा महासंगणक उभा केला. अमेरिकेने हवा तो महासंगणक द्यायला आढेवेढे घेतल्यामुळे १९८८ मध्ये ही संस्था निघाली होती. इथे थांबणे दुसऱ्याने लादलेले होते, आणि ते तीन वर्षांत संपवले गेले. असो.

बॅबेज गेला, पण कार्डे राहिली. अमेरिकेची १८८० ची शिरगणती मोजता मोजता सातआठ वर्षे गेली, तेव्हा १८९० साली हर्मन हॉलरिथ याने माणसामागे एक कार्ड भोसकून ती मोजणारी यंत्रे दिली. पुढे त्याची कंपनी इतर कंपन्यांत मिसळली आणि १९२४ मध्ये तिचे नाव आयबीएम झाले. या कंपनीची एक रीत ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ती यंत्रे विकत नसे, भाड्याने देई. भाडेकरूला घर सोडायला वेळ लागत नाही. म्हणून घरमालकाला सतत सांगावे लागते की पुढच्या वर्षी नळ आत घेणार आहे, गच्ची करणार आहे. उद्याचे यंत्र हे आजच्या गिऱ्हाइकाला धरून ठेवण्याचे साधन कसे बनले, याचे मूळ मला या भाड्यात दिसते.

याचा सर्वांत ठळक प्रसंग १९६४ चा. त्या वर्षी ७ एप्रिलला आयबीएमने 'सिस्टिम ३६०' या लहानमोठ्या यंत्रांच्या कुळाची एकदम घोषणा केली. ही यंत्रे तयार होऊन गोदामात पडलेली नव्हती. पुष्कळशी अजून घडायची होती, आणि त्यांच्यासाठी लागणारे कार्यक्रम तर लिहून व्हायला आणखी वर्षे लागली. तरी जगभरच्या कचेऱ्यांनी मागण्या नोंदवल्या. पण या कुळात एक उणीव होती. कंट्रोल डेटा नावाच्या लहानशा कंपनीत सेमूर क्रे या एकांतप्रिय माणसाने ६६०० हे यंत्र केले होते, आणि वेगात त्याला तोड नव्हती. रखवालदार धरून चौतीस माणसांनी हे कसे केले, असा संतप्त प्रश्न आयबीएमच्या अध्यक्षाने १९६३ मध्येच आपल्या अधिकाऱ्यांना लेखी विचारला होता. उत्तर म्हणून आयबीएमने त्याहून वेगवान यंत्र येणार असल्याचे १९६४ मध्येच सांगून टाकले. ते गिऱ्हाइकाच्या हाती पडायला १९६७ उजाडले, आणि एकंदर पंधरावीसच बनली. मधल्या काळात कंट्रोल डेटाकडे येणारी गिऱ्हाइके "जरा थांबू या" म्हणत परत गेली. 'कागदी यंत्र' हा शब्द तेव्हाचा. कंट्रोल डेटाने १९६८ च्या डिसेंबरात फिर्याद केली, आणि १९७३ मध्ये आयबीएमला मोठी तडजोड करून ती मिटवावी लागली.

न्यायालयात काय ठरले याहून मला दुसरीच गोष्ट विचार करण्यासारखी वाटते. आयबीएम सर्वस्वी खोटे बोलली असे म्हणता येत नाही. यंत्र खरोखरच आले, आणि वेगवानही होते. बातमी खरी असून तिने जे करायचे ते नुकसान केलेच.

आता मुंबईकडे वळू. याच कंट्रोल डेटाचे ३६०० हे यंत्र १९६४ मध्ये कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. देशातल्या अनेक संस्थांचे लोक कार्डांचे गठ्ठे घेऊन तिथे येत. पण त्याआधी चार वर्षे, म्हणजे १९६० पासून, त्या संस्थेत तिथल्याच तरुणांनी रंगस्वामी नरसिंहन यांच्या मार्गदर्शनाखाली घडवलेले 'टिफ्रॅक' चालू होते. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या. ज्या वर्षी ते रीतसर सुरू झाले, त्या वर्षी बाहेरच्या जगात ट्रान्झिस्टरची यंत्रे येऊन चुकली होती. म्हणजे जन्मतःच म्हातारे. नव्या तऱ्हेची यंत्रे येत आहेत हे काय त्या तरुणांना माहीत नव्हते? चांगले माहीत होते. तरी त्यांनी हातातले पुरे केले, आणि संगणक म्हणजे काय हे या देशातली पहिली पिढी त्या म्हाताऱ्या यंत्रावर शिकली. १९६२ मध्ये त्याचे नाव ठेवले ते पंडित नेहरूंनी. बॅबेजपेक्षा ही माणसे मला शहाणी वाटतात, मग त्यांचे यंत्र संग्रहालयात का पडेना.

आयबीएमचा भारतातला व्यवहार नेमका याच्या पलीकडचा होता. अमेरिकेत नव्या यंत्रांची वर्दी द्यायची, आणि तिथे भाडे संपलेली १४०१ सारखी यंत्रे इथे डागडुजी करून पुन्हा भाड्याने लावायची. १४०१ हे १९५९ चे यंत्र. संसदेच्या लोकलेखा समितीने १९७६ मध्ये यावर कडक ताशेरे ओढले. १९७३ च्या परकीय चलन कायद्याप्रमाणे कंपनीने भारतातली आपली मालकी चाळीस टक्क्यांवर आणावी असा आग्रह होता. तो न पटल्याने १९७८ मध्ये आयबीएम निघून गेली. तिच्या यंत्रांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीने उचलली. 'आता कसे होणार' अशी ओरड झाली होती. जुनी यंत्रे आणखी कित्येक वर्षे चालली.

आपल्या विषयातला सर्वांत नामांकित बळी मात्र आणखी पुढचा आहे, आणि त्याचे आपल्या देशाशी नाते आहे हे फार थोड्यांना माहीत असते. अॅडम ऑस्बोर्न हा इंग्रज, पण लहानपण तिरुवण्णामलईला रमण महर्षींच्या आश्रमाच्या सावलीत गेलेला. वडील आर्थर ऑस्बोर्न महर्षींचे भक्त आणि चरित्रकार. हा मुलगा अमेरिकेत गेला आणि १९८१ मध्ये त्याने हातात उचलून नेता येईल असा संगणक १,७९५ डॉलरना बाजारात आणला. उचलता येईल म्हणजे सुमारे अकरा किलो, आणि पडदा पाच इंचांचा! तरी तो धो धो खपला. मग १९८३ मध्ये याहून सरस नमुना येत असल्याचा त्याने गाजावाजा केला. कथा अशी सांगतात की दुकानदारांनी आणि गिऱ्हाइकांनी जुन्याच्या मागण्या रद्द केल्या, नवा तयार नव्हता, आणि त्या सप्टेंबरात कंपनीचे दिवाळे वाजले. तेव्हापासून व्यापारातल्या अशा चुकीला त्याचेच नाव पडले आहे. कथा इतकी सरळ नाही. त्याच किमतीत मोठ्या पडद्याचे दुसरे यंत्र बाजारात आले होते आणि कंपनीचा हिशेबही विस्कटलेला होता. पण कथेत तथ्य आहे. आयबीएमला जी घोषणा पेलली, ती याला पेलली नाही. मोठ्याने 'थांबा' म्हटले तर प्रतिस्पर्धी मरतो. लहानाने म्हटले तर तो स्वतःच मरतो. शेवटी ऑस्बोर्न भारतात परतला आणि २००३ मध्ये कोडाईकनालला वारला.

कंपन्यांविषयी एवढे सांगितल्यावर गिऱ्हाइकाविषयी बोलले पाहिजे. ते गिऱ्हाईक मी.

सोलापुरात एका वाड्याच्या दर्शनी खोलीत माझा टंकलेखनाचा वर्ग होता. सहा यंत्रे, चार इंग्रजी, दोन मराठी. विडी कामगारांच्या, यंत्रमागवाल्यांच्या मुली सकाळी सातपासून येत. १९९४ मध्ये मी एका संगणकापुरते पैसे साठवले. ज्याच्याकडून घ्यायचा तो व्यापारी ओळखीचा होता आणि माणूस सरळ होता. तो म्हणाला, "सर, आता ४८६ घेऊ नका. पेंटियम रुळला की हा निम्म्याने उतरेल." मी थांबलो. उतरला. तेव्हा तो म्हणाला, "ऑगस्टात विंडोज ९५ येतंय, त्याला जास्त मेमरी लागेल, आता घेऊन पस्तावाल." मी थांबलो. आले. मग सीडीची तबकडी वाजवणारे यंत्र आले, मग १९९७ च्या आरंभी आणखी नव्या जातीचा पेंटियम. त्या गृहस्थाचे एकही भाकीत खोटे ठरले नाही. प्रत्येक वेळी मी चार-पाच हजार रुपये वाचवल्याच्या समाधानात घरी येत होतो आणि पत्नीला तसे सांगतही होतो.

गॉर्डन मूर नावाच्या शास्त्रज्ञाने १९६५ मध्ये लिहून ठेवले होते की चिपवरच्या घटकांची संख्या दरवर्षी दुप्पट होत जाईल. १९७५ मध्ये त्याने ते दर दोन वर्षांनी असे सुधारले. माझ्या कानावर हे फार उशिरा आले. जो माल दर दोन वर्षांनी निम्म्या मोलाचा होणार, तो घ्यायला थांबणाऱ्याला कधीच तोटा नाही. आणि म्हणूनच त्याला तो माल कधीच मिळत नाही. सोन्याचे गिऱ्हाईक 'भाव चढेल' म्हणून धावते. संगणकाचे गिऱ्हाईक 'भाव उतरेल' म्हणून बसते.

माझ्या वर्गात १९९४ च्या जूनमध्ये एक मुलगी आली होती. मराठी टंकलेखनाची परीक्षा तिने पहिल्या फेरीत काढली. बोटांत एक लय होती. मान वर, नजर कागदावर, आणि यंत्राचा आवाज पावसासारखा सलग. ती विचारी, "सर, कॉम्प्युटर कधी येणार?" मी म्हणे, "पुढच्या सत्रात." हे सत्र चार वेळा आले. संगणक येणाऱ्या मुलींना तेव्हा सोलापुरात कचेऱ्यांतून, छपाईच्या दुकानांतून बोलावणी येऊ लागली होती. १९९६ मध्ये तिची आई आजारी पडली, घरातले विडीचे सूप तिच्या मांडीवर आले आणि वर्षाच्या आत लग्न झाले. मी संगणक घेतला १९९८ मध्ये. तोवर माझ्याच गल्लीत दोन वर्ग निघाले होते. पुढे एमकेसीएलची एमएस-सीआयटी घरोघर पोहोचली तेव्हा माझ्या वर्गाला कुलूप होते. वर्ग गेल्याचे मला फारसे वाटत नाही; तो आज ना उद्या जाणारच होता. त्या मुलीला मी दिलेली चार उत्तरे मात्र मला तारखेनिशी आठवतात.

कुंभारीच्या ओट्यावर "थांबावं का?" असे विचारणारी ती हीच.

दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा ती तीन पोरे पुन्हा हजर होती. त्यांना मी मूर्ख म्हणणार नाही. त्यांच्या अफवांना बूड होते. २०१७ च्या जुलैत जिओने मुंबईत आपला फोन जाहीर केला तेव्हा दीड हजार रुपये अनामत ठेवायची आणि तीन वर्षांनी परत घ्यायची अशी योजना खरोखरच होती. तेव्हापासून लोकांच्या मनाने घेतले की उद्या लॅपटॉपही असाच येणार. जिओ लॅपटॉप काढते आहे अशा बातम्या २०२१ मध्ये सुरू झाल्या. आत कुठली चिप आहे, किंमत काय ठेवतील, फोनच्या दुकानांतून विकतील की सरकारला देतील, यावर तज्ज्ञांचे तर्क दीड वर्ष चालले. २०२२ च्या ऑक्टोबरात तो सरकारी खरेदीच्या संकेतस्थळावर साडेएकोणीस हजारांना दिसला. सर्वांसाठीही तो त्याच महिन्यात आला, १५,७९९ रुपयांना. अनामत वगैरे काही नव्हते. हाताशी असलेल्या पैशात साधा संगणक देणारा तो एक बरा प्रयत्न होता. पण २०२१ मध्ये अकरावीत असलेल्या ज्या मुलाने त्याच्यासाठी थांबायचे ठरवले असेल, तो त्याच्या हाती येईपर्यंत पुढच्या वर्गात गेलेला असेल. त्याच्या शिकण्याची मधली वर्षे कुठल्याही कंपनीच्या हिशेबात येत नाहीत, आणि अफवा पसरवणाऱ्याच्या तर नाहीतच.

एवढे सगळे मी ओट्यावर बोललो नाही. मी एवढेच म्हणालो, "कॉलेज कधी सुरू होतं?"

मुलगी म्हणाली, "सोमवारी."

"मग रविवारी जाऊ."

नव्या पेठेतल्या दुकानदाराने प्रामाणिकपणे सांगितले की नवरात्रापर्यंत थांबलात तर कदाचित फायदा होईल. माझ्या पोटात गोळा आला. तोच सरळपणा, तोच आवाज. तिने माझ्याकडे पाहिले नाही. तिने पिशवीतून पैसे काढले आणि दोनदा मोजले. एक कुठल्याशा थाटाचा नसलेला, पण चालता लॅपटॉप घेऊन आम्ही बसने कुंभारीला परतलो. पुढे २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, नवे कर लागू झाले. मोठ्या टीव्हीवरचा कर अठ्ठावीसचा अठरा झाला. लॅपटॉपवर अठरा होता, तो अठराच राहिला. त्या पोराने ही बातमी मला स्वतः येऊन दिली. तेवढा दिलदारपणा त्याच्यात आहे. मात्र जाताना म्हणाला, "पण सर, दिवाळीनंतर बघा हं."

ज्या दिवशी लॅपटॉप आणला, त्या संध्याकाळची एक गोष्ट सांगायची राहिली. मुलीने तो उघडला, आणि आईला म्हणाली, "तू बघ की लावून हात." ती नको नको म्हणत बसली. हात पदराला पुसले. तंबाखूचा तांबूस रंग बोटांच्या टोकांवरून जात नाहीच. मग मान वर करून, पडद्याकडे न पाहता, तिने आठही बोटे मधल्या ओळीवर ठेवली आणि आपले नाव टंकले. पडद्यावर भलतीच इंग्रजी अक्षरे उमटली. ती ओशाळली, म्हणाली, "विसरले वाटतं." मी म्हणालो, "विसरली नाहीस. यंत्राला तुझी मांडणी ठाऊक नाही."

दोन दिवसांनी मुलीने कॉलेजातून कुणाला तरी विचारून जुन्या मराठी टंकयंत्राची मांडणी त्यात घालून घेतली. मी गेलो तेव्हा तिच्या आईने काल टंकलेले पान मला दाखवले. एका ओळीत सात-आठ वेळा तिचे माहेरचे नाव होते, आणि त्यात चूक एकच, तिसऱ्या वेळी, पहिल्या वेलांटीची.